अतिवास्तववाद: आधी करून पाहा, मग वाचा

अतिवास्तववाद (सर्रिअलिझम) ही बुद्धीचा लगाम सोडून मनात जे चालते ते कागदावर आणू पाहणारी साहित्य-कलेतली चळवळ. तिचे नाव काढले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर चित्रकार साल्वादोर दालीची वितळलेली घड्याळे येतात. त्यातून ‘विचित्र काहीतरी काढले की झाले’ असा समज होतो आणि ओळख तिथेच थांबते. फ्रेंच कवी आंद्रे ब्रेताँने ऑक्टोबर १९२४ मध्ये पॅरिसला या चळवळीचा पहिला जाहीरनामा प्रसिद्ध केला, तेव्हा चित्रकारांचा उल्लेख त्यात जेमतेम, मुख्यतः एका तळटीपेत होता. सगळा भर होता लिहिण्याच्या एका रीतीवर. बुद्धीचा पहारा उठवायचा, चांगले-वाईट आणि सुंदर-कुरूप यांची फिकीर सोडायची आणि मनात जे चालते ते जसेच्या तसे कागदावर उतरवायचे. दाली या गटात आला तो १९२९ मध्ये, पाच वर्षांनी.

म्हणून या विषयात शिरू पाहणाऱ्यांना आमचा सल्ला असा: ती चित्रे आणि कविता ज्या रीतींतून जन्मल्या, त्या रीती आधी स्वतःच्या हाताने करून पाहा. वही, पेन, पेन्सिल, पोस्टर कलरची एक बाटली, कात्री आणि चार मित्र एवढ्यावर बहुतेक भागते. या रीतींचे नियम मात्र फार काटेकोर आहेत. नियम ढिला केला की मन लगेच ठरलेल्या वाटेने जाते आणि कागदावर तेच ते चंद्र, डोळे आणि फुलपाखरे येतात. नियम पाळला तरच अनपेक्षित काही हाती लागते.

गरजेपुरती पार्श्वभूमी

ब्रेताँ वैद्यकीय विद्यार्थी होता. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, त्याने सँ-दिझिए इथल्या मनोरुग्ण सैनिकांच्या केंद्रात काम केले. मनोविश्लेषक फ्रॉइडची मुक्त साहचर्याची पद्धत, म्हणजे मनात येईल ते न गाळता बोलत राहणे, त्याला तिथे परिचित झाली. रुग्णाकडून जे काढून घ्यायचे ते स्वतःकडूनच लेखणीने का काढून घेऊ नये, हा त्याचा प्रश्न होता. १९१९ मध्ये त्याने फिलिप सुपो या कवीबरोबर तो प्रयोग केला आणि त्यातून पुढच्या वर्षी एक पुस्तक निघाले. चळवळीचे नाव मात्र कवी गियोम अपोलिनेरने दिलेले. त्याने तो शब्द १९१७ मध्येच वापरला होता.

प्रतिमेबद्दलचा नियम आणखी जुना. एकोणिसाव्या शतकातल्या लोत्रेआमाँ या लेखकाने सौंदर्याची उपमा देताना शवविच्छेदनाच्या टेबलावर शिवणयंत्र आणि छत्री यांची अवचित भेट घडवली होती. कवी पियेर रव्हेर्दीने १९१८ मध्ये त्याचे सूत्र सांगितले: दोन वास्तवे एकमेकांपासून जितकी दूर आणि त्यांचे नाते जितके अचूक, तितकी प्रतिमा बलवान. या सूत्रातला ‘अचूक’ हा शब्द लोक विसरतात. नुसत्या दुराव्याने काही होत नाही.

१९२४ च्याच ऑक्टोबरात पॅरिसच्या र्यू द ग्रनेल या रस्त्यावर १५ क्रमांकाच्या इमारतीत या मंडळींनी संशोधन कार्यालय उघडले. कोणीही यावे आणि स्वप्ने, योगायोग, मनातले विचार नोंदवून जावे, अशी सोय होती. डिसेंबरात निघालेल्या त्यांच्या नियतकालिकाचे रूपही एका विज्ञानविषयक मासिकावर बेतले होते. ही माणसे स्वतःला प्रयोग करणारी समजत होती. तुम्हीही प्रत्येक कागदाच्या मागे तारीख, वेळ आणि वापरलेला नियम लिहायची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या.

पहिली पायरी: स्वयंलेखन

स्वयंलेखन म्हणजे मनात येईल ते न गाळता, न थांबता लिहीत जाणे. एकट्याने, दार लावून, टेबलाशी बसा. रेघी वही किंवा एका बाजूने कोरे असलेले पंधरा-वीस कागद आणि न अडखळणारे पेन घ्या. शाईचे पेन टाळा, ते नेमके मधेच कोरडे पडते. वीस मिनिटांचा गजर लावा आणि फोन पालथा ठेवून द्या. विषय ठरवायचा नाही. गजर होईपर्यंत हात थांबवायचा नाही, खोडायचे नाही, मागे वळून वाचायचे नाही. वेग इतका ठेवा की आधीचे वाक्य आठवू नये. विरामचिन्हे नकोत. त्यांनी प्रवाह अडतो, असे ब्रेताँनेच जाहीरनाम्यात बजावले आहे.

मराठीत लिहिताना दोन अडचणी हमखास येतात.

पहिली शिरोरेघेची. प्रत्येक शब्दावर रेघ ओढताना हात उचलावा लागतो, आणि त्या क्षणात मन पुढच्या शब्दाची निवड करून टाकते. शिरोरेघ सरळ सोडून द्या. ऱ्हस्व-दीर्घही विसरा. हे लेखन तपासायला कोणी येणार नाही. फोनवर टंकणार असाल तर शब्द सुचवणारी सोय आधी बंद करा, नाहीतर लिहील तो कीबोर्ड, तुम्ही नाही.

दुसरी अडचण क्रियापदाची. आपले वाक्य क्रियापदावर संपते. ‘आहे’, ‘होते’, ‘गेला’ आले की दार बंद झाल्यासारखे वाटते आणि लेखक श्वास घ्यायला थांबतो. तिथेच बुद्धीचा पहारा परत येतो. यावर उपाय मराठीतच आहे: ‘-ऊन’, ‘-त’, ‘-ताना’ ही रूपे वापरत वाक्य लांबवा. ‘जिना उतरून मीठ मोजताना भिंत वाकून विचारत’ अशा साखळीला शेवट नसतो, त्यामुळे हात चालू राहतो.

तरीही अडलात, तर ब्रेताँची युक्ती वापरा. एक अक्षर आधीच ठरवून ठेवायचे, समजा ‘ल’. अडल्या ठिकाणी ‘ल’ लिहायचा आणि त्या अक्षराने सुरू होणारा जो पहिला शब्द हाताला येईल तो घेऊन पुढे जायचे. अक्षर प्रत्येक बैठकीला बदला. एकच ठेवले तर ‘लाल’, ‘लोणी’, ‘लाकूड’ अशी शब्दांची रांग तयार होते.

पहिल्या पाच-सात मिनिटांत साधारणपणे घरचे हिशेब, ऑफिसातली भांडणे, गाण्यांच्या ओळी आणि म्हणी येतात. त्या येऊ द्या. तो वरचा थर आहे आणि तो निघाल्याशिवाय खालचे दिसत नाही. याच कारणाने दहा मिनिटांची बैठक वाया जाते. दुसरीकडे चाळीस मिनिटांच्या पुढे गेलात तर हात दमतो आणि दमलेला हात तेच तेच शब्द गिरवतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे मुद्दाम विचित्र लिहिणे. ‘निळा हत्ती आकाशात पोहत होता’ हे स्वयंलेखन नव्हे. यातला प्रत्येक शब्द निवडलेला आहे आणि निवडणारा दिसतो आहे. दुसरी चूक गोष्ट रचण्याची. एखादे पात्र दुसऱ्या पानावरही टिकून राहिले, तर समजा की तुम्ही कथा सांगू लागलात. अशा वेळी वाक्य अर्धे तोडा आणि ठरलेल्या अक्षरावर या.

लिहून झाले की कागद बंद करा. किमान एक रात्र जाऊ द्या. मग मोठ्याने वाचा आणि जिथे कान टवकारतात तिथे रेघ मारा. तीन पानांत दोन-तीन जागा सापडल्या तर बैठक चांगली झाली म्हणायची. सुधारणा करावी की नाही, हा वाद जुना आहे. तत्त्वाप्रमाणे अजिबात करायची नाही, पण ब्रेताँ आणि सुपो यांच्या हस्तलिखितातही खाडाखोड आहेच. आमचे मत असे: कापायला हरकत नाही, भर घालायची नाही. मधली पाच वाक्ये काढून दोन प्रतिमा शेजारी आणल्या तरी त्या त्याच बैठकीच्या राहतात. एक शोभेचा शब्द घातला की सगळा मजकूर खोटा वाजू लागतो.

याच पायरीवर वेगाचाही प्रयोग करा. १९१९ च्या त्या प्रयोगात वेगवेगळ्या प्रकरणांसाठी वेगवेगळा वेग आधी ठरवलेला होता. बालपणीची आठवण सांगताना माणूस ज्या गतीने बोलतो, ती गती मोजमापाला धरून काही प्रकरणे तिच्याहून खूप जलद, तर काही मुद्दाम संथ लिहिली गेली. तुम्ही तीन दिवस तीन वेग घ्या. पहिल्या दिवशी नेहमीचा, दुसऱ्या दिवशी हात दुखेल इतका जलद, तिसऱ्या दिवशी त्याच्या तिसऱ्या हिश्शाने. संथ बैठकीत आठवणी आणि हळवेपणा वर येतो, जलद बैठकीत ‘मी’ मागे पडून वस्तूच बोलू लागतात. हा फरक एकदा स्वतःच्या वहीत दिसला, की त्या पिढीच्या कविता वाचताना कोणती कुठल्या वेगाने आली असेल याचा अंदाज बांधता येतो.

एक गोष्ट गांभीर्याने घ्या. सप्टेंबर १९२२ पासून या गटाने ब्रेताँच्या घरी तंद्रीचे प्रयोग सुरू केले. रने क्रव्हेल आणि रोबेर देस्नोस हे गटातले लेखक तंद्रीत बोलत, लिहीत, प्रश्नांना उत्तरे देत. देस्नोस त्यात विलक्षण होता. पण पुढे तंद्रीतल्या माणसांनी सामूहिक गळफासाची तयारी करण्यापर्यंत आणि चाकू घेऊन पाठलाग करण्यापर्यंत गोष्टी गेल्या, तेव्हा ब्रेताँने ते प्रकरण बंद केले. स्वयंलेखनात तुम्ही पूर्ण जागे असता, त्यामुळे तो धोका नाही. तरीही झोप उडालेली असताना, फार खचलेले असताना किंवा मनोविकारावर उपचार चालू असताना हे एकट्याने करू नका. त्या दिवसांत पुढचे कागदाचे खेळ चारचौघांत खेळा.

दुसरी पायरी: घडीची वाक्ये

१९२५ च्या सुमारास पॅरिसच्या र्यू द्यु शातो या रस्त्यावर ५४ क्रमांकाच्या घरात चित्रकार इव्ह तांगी, कवी झाक प्रेव्हेर आणि त्यांचा मित्र मार्सेल द्युआमेल राहत. तिथे जमणाऱ्या मंडळींनी एक जुना घरगुती खेळ नव्या कामाला लावला. प्रत्येकाने एक शब्द लिहायचा, कागद घडी घालून पुढे द्यायचा, आधीचे कोणी पाहायचे नाही. पहिले वाक्य निघाले त्याचा अर्थ असा: देखणे प्रेत नवी दारू पिईल. खेळाला त्या वाक्यावरूनच नाव पडले.

फ्रेंच क्रम मराठीत चालत नाही. आपला क्रम असा ठेवा: विशेषण, कर्ता, विशेषण, कर्म, क्रियापद. पाच माणसे, पाच जागा. चारच असाल तर दुसरे विशेषण गाळा.

इथे लिंगाची अडचण येते. पहिल्याने ‘काळा’ लिहिले आणि दुसऱ्याने ‘शिडी’, की वाक्य मोडले. म्हणून न बदलणारी विशेषणेच घ्यायची असे आधी ठरवा: लाल, ओलसर, जरतारी, तापट, खारट, उनाड, गुळगुळीत. ‘चांगला’, ‘मोठा’, ‘पांढरा’ यांना बंदी. कर्म निर्जीव असावे. सजीव असले तर ‘घोड्याला’, ‘मांजरीला’ असे प्रत्यय लावावे लागतात आणि मागचे विशेषणही अडखळते. क्रियापद सकर्मक आणि भविष्यकाळी एकवचनी हवे. भविष्यकाळात तो, ती आणि ते या तिघांनाही ‘पिईल’ चालते. भूतकाळ घेतला तर ‘ने’ प्रत्यय लागतो आणि क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते, म्हणजे खेळ संपलाच.

एवढी काळजी घेतली की अशी वाक्ये मिळतात:

ओलसर शिडी जरतारी चुना चाटेल.
तापट कपाट खारट वीज सोलेल.
उनाड सावली गुळगुळीत परवाना शिवेल.

एका बैठकीत वीस-पंचवीस वाक्ये काढा. पाच कागद एकाच वेळी फिरवले तर प्रत्येक फेरीत पाच वाक्ये तयार होतात आणि कोणी रिकामे बसत नाही. खेळ फसतो तो विनोदामुळे. कोणीतरी शौचालय किंवा पुढाऱ्याचे नाव लिहितो, हशा पिकतो आणि मग सगळेच हशासाठी लिहू लागतात. निवडीच्या वेळी हसवणारी वाक्ये बाजूला काढा आणि पुन्हा आठवणारी ठेवा. वरच्या तिन्हींत दुसरे वाक्य आम्हाला सर्वांत बळकट वाटते. कपाटाचा तापटपणा आणि वीज सोलण्याची क्रिया यांत कुठेतरी उघडण्याची, धार लागण्याची एक समान भावना आहे. रव्हेर्दीचे ‘अचूक नाते’ म्हणतात ते हेच.

याचा आणखी सोपा प्रकार जर-तरचा. एकाने ‘जर’चे वाक्य लिहून घडी घालायची, दुसऱ्याने न पाहता ‘तर’चे लिहायचे. काळ आधी ठरवा: ‘जर अमुक झाले तर तमुक होईल’. दोघांत हा खेळ उत्तम चालतो. प्रश्नोत्तराचा प्रकारही आहे. एकाने ‘अमुक म्हणजे काय?’ लिहायचे, दुसऱ्याने प्रश्न न पाहता व्याख्या लिहायची. १९२८ मध्ये या गटाने अशा जोड्या त्यांच्या नियतकालिकात छापल्या होत्या.

तिसरी पायरी: घडीचे चित्र

ए-फोर कागद उभा धरून चार भाग करा. प्रत्येक भाग साधारण साडेसात सेंटिमीटरचा होतो. डोके, धड, कंबर, पाय. पहिल्याने काढून झाले की रेघा घडीपलीकडे तीन-चार मिलिमीटर न्यायच्या. तेवढेच पुढच्याला दिसते. मानेसाठी दोन रेघा पुरतात. पाच-सहा रेघा उतरवल्या तर पुढचा माणूस त्या जोडण्यातच अडकतो.

कागद किमान १०० जीएसएमचा हवा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन). झेरॉक्सच्या ७० जीएसएम कागदातून मागचे चित्र दिसते. सगळ्यांनी एकाच जाडीचे काळे पेन वापरा. पेन वेगळे असले की चार लोकांची चार चित्रे एकाखाली एक चिकटवल्यासारखी दिसतात आणि एक शरीर तयार होत नाही. ज्याला चित्र येत नाही त्याने वस्तू काढावी: इस्त्री, पायरी, बादली. धडाच्या जागी बादली ही चित्रकाराने काढलेल्या छातीपेक्षा पुष्कळदा सरस ठरते.

चौथी पायरी: घासून काढलेली चित्रे

गटातला चित्रकार माक्स एर्न्स्ट याने दिलेल्या माहितीप्रमाणे १० ऑगस्ट १९२५ रोजी समुद्रकाठच्या एका खाणावळीत, पावसाळी हवेत, त्याची नजर झिजलेल्या लाकडी जमिनीवर खिळली. त्याने फळ्यांवर कागद टाकून वर काळे शिसे घासले, आणि उमटलेल्या रेषांत त्याला पशू, जंगले आणि समुद्र दिसू लागले. १९२६ मध्ये या रीतीच्या ३४ चित्रांचा संच प्रसिद्ध झाला. स्वयंलेखनाला चित्रकलेत एक जोड इथे मिळाली.

कागद पातळ हवा, ५० ते ७० जीएसएम. पेन्सिल मऊ शिशाची, ४बी किंवा ६बी, आणि ती आडवी धरायची. टोकाने घासले तर कागद फाटतो आणि पोत उमटत नाही. घासायला घरात हवे तितके सापडते: टाकी लावलेला पाटा, शहाबादी फरशी, गोणपाट, काथ्याचे पायपुसणे, सूप, चाळण, जुन्या दाराची फळी. कागदाचे चारही कोपरे मास्किंग टेपने चिकटवा. कागद अर्ध्यात सरकला तर दुहेरी ठसा उठतो. एका दिशेने, हलक्या हाताने घासा आणि एका कागदावर दोन-तीनच पोत घ्या.

इथली ठरलेली चूक म्हणजे अख्खे पिंपळपान किंवा नाणे घासणे. मग पानाचे चित्र मिळते, शोधायला काही उरत नाही. पानाचा तुकडा, सुपाचा कोपरा, फळीची गाठ घ्या. वस्तू ओळखू येता कामा नये.

घासून झाल्यावर कागद भिंतीवर लावा आणि दोन मीटरवरून पाहा. चारही बाजूंनी फिरवून पाहा. दहा मिनिटांत एखादा आकार वर आला तर त्याला पुरतील तेवढ्याच, पाच-सहा रेषा घाला: एक डोळा, एक क्षितिज, एक कडा. खोडरबराने पार्श्वभूमी पुसूनही आकार मोकळा होतो आणि बहुधा तेच जास्त चांगले दिसते. काही दिसलेच नाही तर कागद तसाच ठेवून द्या. जबरदस्तीने चेहरा काढला की तो पोतावर चिकटवल्यासारखा दिसतो. पूर्ण झाल्यावर फिक्सेटिव्हचा, म्हणजे शिसे जागच्या जागी धरणाऱ्या द्रवाचा, हलका फवारा मारा, नाहीतर शिसे पसरते.

याच घराण्यातली रंगाची रीत चित्रकार ऑस्कर दोमिंगेझने १९३५ च्या सुमारास वापरात आणली. गुळगुळीत कागदावर, उदाहरणार्थ जुन्या कॅलेंडरच्या चकचकीत पानाच्या कोऱ्या बाजूवर, काळा पोस्टर कलर पसरायचा. दोन भाग रंगाला एक भाग पाणी. ए-फाइव्ह आकाराला चहाचा अर्धा चमचा पुरतो. वर दुसरा तसाच कागद ठेवून तळव्याने दाबायचा आणि दहा-पंधरा सेकंदांत एका कोपऱ्यातून सावकाश सोलायचा. प्रवाळ, गुहा, दमट झाडोरा असे काहीतरी उमटते. रंग पातळ असेल तर नुसता डाग पडतो, उशीर केला तर कागद चिकटून फाटतो, झटक्याने ओढला तर बारीक शाखा येत नाहीत. एका कागदावरून दुसरा आणि तिसरा ठसाही घ्या. दुसरा बहुतेक वेळा पहिल्याहून नाजूक असतो.

पाचवी पायरी: कोलाज

कोलाज, म्हणजे कापलेले तुकडे चिकटवून केलेले चित्र, सर्वांना सोपे वाटते आणि सर्वांत जास्त तेच फसते. रंगीत मासिकांतले ओठ, घड्याळे आणि इमारती कापून चिकटवल्या की फळ्यावरची सूचना तयार होते. एर्न्स्टने काय केले ते पाहा. त्याने एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्या, विक्री-सूचिपत्रे आणि शास्त्रीय पुस्तके यांतली लाकडी ठशांची काळी-पांढरी चित्रेच घेतली. सगळ्या तुकड्यांची रेघ एकाच जातीची, त्यामुळे सांधा दिसत नाही. दिवाणखान्यातल्या माणसाला पक्ष्याचे डोके येते आणि ते जन्मापासून तिथेच असल्यासारखे वाटते. १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कोलाज-कादंबरीतली १८२ चित्रे त्याने आदल्या वर्षी इटलीतल्या मुक्कामात साधारण तीन आठवड्यांत केली.

तेव्हा पहिला नियम: सगळे तुकडे एकाच छपाईचे. जुनी शालेय विज्ञानाची पुस्तके, शब्दकोशांतली रेखाचित्रे, अवजारांची सूचिपत्रे उत्तम. दुर्मीळ पुस्तक कापू नका. ६०० डीपीआयने स्कॅन करून छापील प्रत कापा. दुसरा नियम: प्रकाशाची दिशा सगळ्या तुकड्यांत एकच हवी. डावीकडून उजेड पडलेल्या शरीराला उजवीकडून उजळलेले डोके बसत नाही, आणि का बसत नाही ते बघणाऱ्याला सांगता न येताही त्याचा विश्वास उडतो. तिसरा: एका चित्रात एकच अदलाबदल. खोली नेहमीची राहू द्या.

कापायला ११ नंबरचे ब्लेड. ब्लेड बाहेरच्या बाजूला किंचित तिरके धरले की पांढरी कड दिसत नाही. राहिलीच तर पेन्सिलीने काळी करा. पातळ केलेला फेविकॉल कागदाला सुरकुत्या पाडतो, ग्लू स्टिक बरी. शेवटी सगळ्याची झेरॉक्स काढा. उरलेले सांधे तिथे मिटतात. मूळ कोलाज हा कच्चा माल आणि ती प्रत म्हणजे चित्र, असेच समजा.

सहावी पायरी: वस्तू

मेरेत ओपेनहाइम या कलावतीने १९३६ मध्ये दुकानातून विकत घेतलेला कप, बशी आणि चमचा हरणाच्या जातीच्या प्राण्याच्या केसाळ कातड्याने मढवला. ती वस्तू आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. ओठांना आणि बोटांना परिचित असलेली वस्तू घ्यायची आणि तिचा वापरच अशक्य होईल असा एकच बदल करायचा, एवढाच तिचा धडा. दोन बदल केले की ती हस्तकला होते.

चित्रकार रने माग्रितने याच्या पुढचा टप्पा गाठला. त्याच्या १९३३ च्या एका चित्रात पिंजरा आहे आणि आत पक्ष्याऐवजी पिंजराभर मोठे अंडे. पिंजरा आणि बूट, पिंजरा आणि मासा असे काहीही जोडता आले असते. पण पिंजऱ्याचे अंड्याशी लपलेले नाते आहे, त्यामुळे धक्का बसतो आणि टिकतो. सराव म्हणून दहा वस्तूंची यादी करा आणि प्रत्येकीपुढे तिच्या अगदी जवळची, तरीही तिच्या जागी कधीच न दिसणारी वस्तू लिहा. एका वस्तूला अर्धा तास लागला तरी चालेल. मग ती जोडी शक्य तितक्या साध्या, पाठ्यपुस्तकातल्यासारख्या शैलीत काढा. माग्रितने रंगकामात कसब मिरवले नाही, कारण मिरवलेल्या कुंचल्यामागे वस्तू हरवते.

आता पाहा आणि वाचा

एवढे करून झाल्यावर चित्रे समोर घ्या, पण दालीपासून सुरुवात करू नका. आधी गटातला चित्रकार आंद्रे मासाँ याची १९२४ नंतरची शाईची रेखाटने पाहा. हात कुठे भरधाव गेला आणि कुठे आकार दिसताच थबकला, हे तुम्हाला आता ओळखता येईल. मग एर्न्स्ट, मग माग्रित, आणि नंतर दाली. मासाँ आणि दाली ही दोन टोके आहेत. एकाने हात मोकळा सोडला, दुसऱ्याने स्वप्न अत्यंत काटेकोरपणे रंगवले. दालीचे १९३१ चे घड्याळांचे चित्र अवघे २४ × ३३ सेंटिमीटरचे आहे. त्या मापाचा कागद कापून संगणकाच्या पडद्याशेजारी धरा. पोस्टरवर पाहिलेले चित्र मूळचे ए-फोर कागदापेक्षा जरासेच मोठे आहे, हे कळल्यावर त्यातली घट्ट, दबलेली शांतता वेगळी वाटू लागते.

पाहताना ‘याचा अर्थ काय’ हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी विचारा: हे कुठल्या रीतीने झाले असेल? काय बदलले आहे आणि काय मुद्दाम नेहमीचे ठेवले आहे? घड्याळ म्हणजे काळ, अंडे म्हणजे जन्म अशी कोष्टके लावू नका. दाली आणि दिग्दर्शक लुईस बुन्युएल यांनी १९२९ मध्ये त्यांचा लघुपट लिहिताना, ज्या प्रतिमेचे तर्काने स्पष्टीकरण देता येईल ती टाकून द्यायची, असा नियमच केला होता.

मेक्सिकोची चित्रकार फ्रिदा काहलो हिच्या बाबतीत जपून. १९३८ मध्ये ब्रेताँ मेक्सिकोला गेला तेव्हा त्याने तिला आपल्यातच धरले. आपण स्वप्ने रंगवत नाही, आपले वास्तव रंगवतो, हे तिचे म्हणणे होते. तिच्या चित्रांत हेतू ठाम असतो आणि वरच्या पद्धतींची चावी तिथे लागत नाही.

मराठी वाचकाच्या मनात इथे मुक्ताबाईंचा अभंग येतोच: मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्यासी. ज्ञानेश्वरांच्या नावावरचे काट्याच्या अणीवर वसलेले तीन गावही येते. या प्रतिमा कुठल्याही पॅरिसच्या कवीला हेवा वाटावा अशा आहेत, पण त्यांची जात निराळी आहे. त्या कूट आहेत. त्यांना अध्यात्माची किल्ली आहे, सांगणाऱ्याला ती ठाऊक आहे आणि ऐकणाऱ्याने ती शोधायची आहे. स्वयंलेखनात लिहिणाऱ्याकडेही किल्ली नसते. दोन्ही शेजारी ठेवून वाचले तर फरक झटकन कळतो. आधुनिक मराठी कवितेत अरुण कोलटकर आणि दिलीप चित्रे यांच्या सुरुवातीच्या कविता समीक्षकांनी अतिवास्तववादाच्या संदर्भात वाचल्या आहेत. कोलटकर तर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले. त्यांच्या कविता वाचताना घडीच्या वाक्यांतला अनुभव कामी येतो: कुठल्या दोन वस्तू शेजारी आल्या, त्यांना जोडणारे क्रियापद कोणते, आणि ते काढले तर काय कोसळते, हे पेन्सिलीने खुणावत वाचा.

संगणकाला चार शब्द सांगून हवे तसे चित्र मागवण्याची सोय आता आहे. त्यातून अतिवास्तववादी दिसणारे चित्र मिळते, पण वर सांगितलेला एकही प्रसंग घडत नाही: हात अडखळत नाही, पोतात काही दिसत नाही, घडी उलगडताना कोणी दचकत नाही. सुरुवातीचे दोन-तीन महिने ते बाजूला ठेवा.

आठवड्याला दोन स्वयंलेखनाच्या बैठका आणि एक कागदाचा किंवा रंगाचा प्रयोग, एवढा क्रम पुरे. सगळे कागद, फसलेलेही, एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावा. स्वयंलेखनाची पाने महिन्यानंतर सलग वाचा आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांची यादी करा. कोणाच्या पानांत जिने येतात, कोणाच्या पानांत मीठ. हे शब्द पुढच्या महिन्यात मुद्दाम वापरायचे नाहीत. यादी फाइलच्या शेवटी लावून ठेवा आणि कोलाजसाठी चित्रे शोधताना तिच्यावरून एकदा नजर फिरवा.